चावडीवर बसलेला प्रेक्षक

6 ऑक्टोबर 2024 च्या रात्री ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाचा निकाल लागला, तेव्हा शेवटच्या दोघांत एकीकडे अभिजीत सावंत होता आणि दुसरीकडे सूरज चव्हाण. अभिजीत ‘इंडियन आयडल’चा पहिला विजेता. 2005 च्या मार्चमध्ये देशभरातून आलेल्या एसएमएसनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. सूरज बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा. आईवडील लहानपणीच गेले, बहिणींनी वाढवलं, शिक्षण जेमतेम. ‘झापुक झुपूक’ आणि ‘गुलीगत धोका’ या त्याच्या शब्दांनी मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंमधून तो घराघरांत पोचलेला. मतं सूरजला पडली. दुसऱ्या दिवशी लोकलच्या डब्यात आणि ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दोन तट पडले होते. गरिबाच्या पोराने करून दाखवलं म्हणून काहींना भरून आलं होतं, तर टीव्हीचा दर्जा पार रसातळाला गेला म्हणून काहीजण हळहळत होते. गंमत अशी की हळहळणाऱ्यांनाही कोण कोणत्या आठवड्यात घराबाहेर गेलं ते मुखोद्गत होतं.

रिअ‍ॅलिटी शो लोकांना का आवडतात आणि का आवडत नाहीत, हा प्रश्न गेली पंचवीस वर्षं विचारला जातो आहे. त्यावर मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास केले, न्यायालयांनी मतं दिली, मंत्रालयांनी फतवे काढले आणि आपण जेवताना वाद घातले. माझं म्हणणं एवढंच आहे की आवडणाऱ्यांना आणि न आवडणाऱ्यांना खेचणारी गोष्ट एकच आहे: दुसऱ्याचा निवाडा करण्याची संधी. महेश मांजरेकर सूत्रसंचालक असताना ‘बिग बॉस मराठी’च्या शनिवार-रविवारच्या भागाला ‘चावडी’ म्हणायला लागले, ते नाव ज्याने सुचवलं त्याला आपला प्रेक्षक बरोबर कळला होता. गावच्या चावडीवर जो बसतो त्याला वादी-प्रतिवादीपैकी कुणाचंही घर सांभाळायचं नसतं. त्याला फक्त मत द्यायचं असतं.

आधी थोडी वंशावळ पाहू. खऱ्या माणसांचं जगणं कॅमेऱ्यासमोर मांडण्याचा प्रकार जुना आहे. 1973 मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीने कॅलिफोर्नियातल्या लाउड कुटुंबाची बारा भागांची मालिका दाखवली, त्यात नवरा-बायकोचं फाटलेलं नातं देशाने घरबसल्या पाहिलं. पुढची मोठी उडी 1999 मध्ये नेदरलँड्समध्ये पडली. जॉन द मोल यांच्या कंपनीने काही अनोळखी माणसं एका घरात कोंडली, कॅमेरे लावले आणि त्याला जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबरीतल्या हुकूमशहाचं, ‘बिग ब्रदर’चं, नाव दिलं. कादंबरीत ज्या पाळतीची धास्ती होती तिचं इथे करमणुकीत रूपांतर झालं. भारतात हा प्रकार नोव्हेंबर 2006 मध्ये ‘बिग बॉस’ म्हणून आला, अर्शद वारसीने सूत्रं सांभाळली आणि राहुल रॉय जिंकला. मराठीत तो 2018 च्या एप्रिलमध्ये आला, पहिल्या पर्वाचं घर लोणावळ्याला होतं आणि विजेती मेघा धाडे.

पण आपल्याकडे रिअ‍ॅलिटीची सवय त्याच्या कितीतरी आधी लागली होती. ‘सारेगम’ 1995 मध्ये सुरू झालं तेव्हा सोनू निगम सूत्रसंचालन करायचा आणि पंडित-उस्ताद मंडळी परीक्षक म्हणून यायची. 2000 च्या जुलैमध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ आलं आणि त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती ठरला. आणि 2004 च्या सप्टेंबरमध्ये ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं, आदेश बांदेकर पैठणी घेऊन लोकांच्या घरात शिरले. या सगळ्यांना आपण एकाच नावाच्या टोपलीत टाकतो, म्हणून भांडणही चुकीच्या जागी होतं. ‘करोडपती’ मन लावून बघणाऱ्या सासऱ्यांना ‘बिग बॉस’ म्हणजे कचरा वाटतो. सुनेला ‘करोडपती’ कंटाळवाणं वाटतं. दोघंही रिअ‍ॅलिटी शोच बघत असतात.

अभ्यासक काय सांगतात? ओहायो स्टेट विद्यापीठातल्या स्टीव्हन राइस आणि जेम्स विल्ट्झ यांचा 2004 चा निबंध या विषयात हमखास उद्धृत होतो. त्यांनी 239 लोकांना त्यांच्या मूलभूत इच्छांबद्दल आणि आवडत्या कार्यक्रमांबद्दल विचारलं. जे असे कार्यक्रम जास्त पाहत होते त्यांच्यात प्रतिष्ठेची, आपण कुणीतरी आहोत असं वाटण्याची ओढ सरासरीपेक्षा अधिक निघाली. त्याखालोखाल सूड उगवल्याचं समाधान मिळवण्याची. राइस यांची मांडणी साधी होती: पडद्यावर सामान्य माणूस प्रसिद्ध होताना दिसतो, त्यातून ‘माझ्यासारखा माणूसही महत्त्वाचा असतो’ असा दिलासा मिळतो, आणि त्याच वेळी पडद्यावरच्या माणसाकडे तुच्छतेने बघण्याची मुभाही मिळते. 2003 मध्ये रॉबिन नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या अंगाने पाहिलं. लोक दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात चोरून डोकावायला मिळतं म्हणून बघतात, हा तेव्हाचा सर्वमान्य समज. तो त्यांना पुरेसा टिकाऊ वाटला नाही. माणसांबद्दलचं कुतूहल आणि पुढे काय होणार ते लिहून ठेवलेलं नाही ही भावना, या गोष्टी अधिक वजनदार ठरल्या. 2007 मध्ये झिझी पापाचारिसी आणि अँड्र्यू मेंडेलसन यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, तर वेळ घालवण्याची सवय हे कारण अगदी वरच्या क्रमांकावर आलं. हे वाचून अभ्यासक हिरमुसले असतील, पण रात्री नऊ वाजता भाजी निवडत टीव्ही लावणाऱ्या कुणालाही त्याचं नवल वाटणार नाही.

या अभ्यासांचा मी आदर करते, पण त्यांना दोन मर्यादा आहेत. ते बहुतेक अमेरिकेतले, आणि त्यातही माणसं स्वतःबद्दल जे सांगतात त्यावर उभे. ‘मला दुसऱ्याची फजिती बघायला आवडते’ असं प्रश्नावलीत कोण लिहील? दुसरं, ते प्रेक्षकाला एकटा धरतात. आपल्याकडे टीव्ही अजूनही बऱ्याच घरांत चारजणांत बघितला जातो आणि अर्धा आनंद शेजारी बसलेल्याशी बोलण्यात असतो. ‘बघ, आता रडेल’, ‘ही पहिल्या दिवसापासून नाटकी आहे’, ‘त्याला बिचाऱ्याला कुणी घेतच नाही खेळात’. ही वाक्यं ऐकली की लक्षात येतं, खेळ पडद्यावर जितका चालतो तितकाच सोफ्यावर चालतो. मराठी मुलखात कुणाच्या घरात काय चाललंय याची चर्चा पूर्वी नळावर, पारावर, वाड्याच्या ओट्यावर व्हायची. फ्लॅटमध्ये शेजारी कोण राहतं हेच माहीत नसेल तर बोलणार कुणाबद्दल? रिअ‍ॅलिटी शो सगळ्यांना एकाच वेळी ओळखीची माणसं पुरवतो, आणि त्यांच्याबद्दल कितीही बोललं तरी ती दारात भांडायला येत नाहीत.

‘अहो, ते सगळं स्क्रिप्टेड असतं’ हा यावरचा ठरलेला आक्षेप. तो खोडून काढण्यापेक्षा हे काम चालतं कसं ते बघणं बरं. घरात शंभरेक कॅमेरे असतात, काही आरशांमागे. प्रत्येकाच्या गळ्यात माइक. मागे नियंत्रण कक्षात पाळ्या लावून माणसं बसलेली असतात आणि कोण कुणाशी कुजबुजतंय याच्या नोंदी ठेवत असतात. चोवीस तासांतून जाहिराती वगळून पाऊण तासाचा भाग निघतो. म्हणजे जे दिसतं त्याच्या कितीतरी पट कापलेलं असतं, आणि कापण्यातच गोष्ट रचली जाते. एकाने सकाळी काढलेली जांभई दुसऱ्याच्या दुपारच्या रडण्यानंतर जोडली की पहिला निर्दयी ठरतो. कोणताही संवाद लिहून द्यावा लागत नाही. शिवाय माणसं निवडतानाच ठिणगी पडेल अशी जोडली जातात: एक ज्येष्ठ अभिनेत्री, एक तडकभडक तरुणी, एक शांत गायक, एक गावाकडचा पोरगा. मग जेवणाचं सामान कमी करायचं, कॅप्टन नेमायचा, टास्क द्यायचा, आणि घरातल्यांनीच एकमेकांना नॉमिनेट करायचं. फोन नाही, घड्याळ नाही, वर्तमानपत्र नाही. वरून फक्त एक भारदस्त आवाज येतो. मराठीत तो रत्नाकर तारदाळकर यांचा. या परिस्थितीत चार दिवस ठेवलं तर आपल्यातले बहुतेकजण चहात साखर कुणी जास्त घातली यावरून भांडतील. तेव्हा माणसं खोटं वागतात असं म्हणता येत नाही. परिस्थिती बनवलेली असते आणि तिच्यात माणसं खरी चिडतात.

प्रेक्षकाला हे कळत नाही असं समजणं हा समीक्षकांचा जुना गैरसमज. ब्रिटनमधल्या प्रेक्षकांवर अ‍ॅनेट हिल यांनी बराच अभ्यास केला आणि त्यांचं 2005 चं पुस्तक या बाबतीत फार उपयोगी आहे. कॅमेऱ्यासमोर माणूस अभिनय करणारच हे प्रेक्षक धरूनच चालतात, असं त्यांना आढळलं. मजा असते ती मुखवटा कधी सरकतो ते पकडण्यात. मला हे पटतं, कारण ‘बिग बॉस’ बघणाऱ्यांच्या बोलण्यात ‘खरा’ आणि ‘फेक’ हे शब्द ‘चांगला’ आणि ‘वाईट’ यांच्यापेक्षा जास्त येतात. रागीट माणूस खरा वाटला तर चालतो. गोड बोलणारा फेक वाटला तर त्याची खैर नाही. सूरजला मतं पडली त्यामागे सहानुभूती होतीच, पण त्याला नाटक करता येत नाही अशी लोकांची खात्री पटली होती, हे त्याहून मोठं कारण होतं.

‘होम मिनिस्टर’ हे याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं उदाहरण. त्याबद्दल शहाण्या लोकांनी फारसं लिहिलेलं नाही, म्हणून थोडं थांबते. त्यात कुणाला कोंडलेलं नव्हतं, कुणाला हाकलायचं नव्हतं. बांदेकर भावोजी घरी येणार म्हणून चाळीतला जिना धुतला जायचा. दोन खोल्यांच्या घरात सोफ्यावर मध्ये वहिनी, एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला नवरा, मागे दीर-जावा-भाचरं आणि खिडकीच्या गजांतून आत डोकावणारे शेजारी. बांदेकर विचारणार, लग्न कसं जमलं, पहिल्यांदा कुठे भेटलात, नवऱ्याचं काय आवडत नाही. बाई लाजत, मग धीट होत, मग सासूसमोरच नवऱ्याची खोड सांगून मोकळी होत. उखाणा व्हायचा. फुगे फोडणं, बांगड्या भरणं असले खेळ व्हायचे आणि जिंकली की अंगावर पैठणी. त्या वीस-बावीस मिनिटांत कधी कधी अशी एखादी गोष्ट निघायची की कथाकाराने ऐकून घ्यावी: नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर पोळ्या लाटून मुलांना शिकवलेलं, सासूने स्वतःचे दागिने मोडून सुनेला नर्सिंगला पाठवलेलं. जिच्या नावाचा घराच्या दारावरच्या पाटीवरही पत्ता नसतो तिचं नाव एका संध्याकाळी महाराष्ट्र ऐकायचा. बायकांना हा कार्यक्रम का आवडला याचं यापेक्षा वेगळं कारण शोधायची गरज नाही.

आक्षेपही तिथेच होते. बाईचा सन्मान म्हणजे साडी, आणि तिचं मंत्रिपद स्वयंपाकघराचं, हे स्त्रीवादी कार्यकर्त्यांना टोचत राहिलं, आणि ते टोचणं रास्त होतं. 2022 मध्ये वाहिनीने ‘महामिनिस्टर’ काढून 11 लाखांची पैठणी बक्षीस ठेवली, तेव्हा कार्यक्रमाचे जुने चाहतेही बिचकले. सोन्याची जर आणि हिरे लावलेली साडी चाळीतल्या बाईने नेसायची कुठे, असा प्रश्न लोकांनी उघडपणे विचारला. साध्या पैठणीत जो आपलेपणा होता तो त्या आकड्यात हरवला, असं मला वाटतं. ‘करोडपती’चं मात्र उलट आहे. तिथे रक्कम मोठी असूनही लोकांना खटकत नाही, कारण मध्ये ज्ञान आहे. 2019 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शाळेत महिना दीड हजारावर खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी एक कोटी जिंकले, तेव्हा दर्जाबद्दल कुरकूर करणारं एकही माणूस भेटलं नाही. कष्टाला आणि हुशारीला बक्षीस मिळालं की आपल्या मध्यमवर्गाचं मन निवतं.

गाण्याच्या कार्यक्रमांनी मराठी घराला जेवढं वेड लावलं तेवढं दुसऱ्या कशाने नाही. 2008-09 च्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ची आठवण आजही लोक काढतात. पल्लवी जोशी सूत्रसंचालक, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे आणि अलिबागची मुग्धा वैशंपायन, जिला सगळे ‘लिटिल मॉनिटर’ म्हणायचे. अंतिम फेरीत पाचहीजण गेले आणि ‘पंचरत्न’ झाले. कार्तिकी जिंकली, त्यावरून घराघरांत वाद झाले. त्या मुलांमधून लोकांनी नाट्यगीतं, अभंग, लावण्या पुन्हा ऐकल्या. आजीला आणि नातवाला एकाच वेळी धरून ठेवणारा दुसरा कार्यक्रम तेव्हा नव्हता. 2021 मध्ये तेच पाचजण परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसले, आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये मुग्धा आणि प्रथमेश यांचं लग्न झालं, तेव्हा अनेकांना ते आपल्याच घरचं कार्य वाटलं. पडद्यावरच्या माणसाशी असं एकतर्फी नातं जुळतं हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड व्होल यांनी 1956 मध्येच लिहून ठेवलं आहे. तेव्हा त्यांच्यासमोर रेडिओ-टीव्हीचे निवेदक होते. पंधरा वर्षं वाढताना पाहिलेली मुलं त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती.

अशा कार्यक्रमांतून खरंच कुणी उभं राहतं का, हा संशयही योग्य आहे. उत्तर दोन्ही बाजूंनी देता येतं. श्रेया घोषाल ‘सारेगम’मधून पुढे आली. विदर्भातली वैशाली माडे मराठी आणि हिंदी दोन्ही ‘सारेगमप’ जिंकली आणि तिने ‘बाजीराव मस्तानी’साठी गाणं गायलं. पुढे 2019 मध्ये ती ‘बिग बॉस मराठी’च्या घरातही दिसली. पण दरवर्षी जे दहा-बारा चेहरे महाराष्ट्राचे लाडके होतात, त्यांतले बरेच पुढच्या पर्वाला विसरले जातात. दोष गाण्याचा नसतो. कार्यक्रमाला पुढचं पर्व विकायचं असतं. आणि मतदान? ‘आयडिया सारेगमप’ हे नाव आठवून बघा. जी कंपनी कार्यक्रमाची प्रायोजक, ती मोबाइल सेवा देणारी. मताचा एसएमएस साध्या मेसेजपेक्षा महाग, आणि त्याच्या उत्पन्नात वाहिनीचा वाटा. आपण लाडक्या मुलीसाठी दहा मेसेज पाठवले तेव्हा लोकशाही चालू होती आणि दुकानही.

गाण्याची जाण असलेल्यांचा राग मात्र वेगळ्या गोष्टीवर आहे. हळूहळू गाणं कमी आणि कहाणी जास्त झाली. स्पर्धकाच्या वडिलांची रिक्षा, आईचं आजारपण, पत्र्याचं घर, पाठीमागे सनई-व्हायोलिन, परीक्षकांचे पाणावलेले डोळे. 2021 मध्ये ‘इंडियन आयडल’ने किशोरकुमार विशेष भाग केला. त्यात पाहुणे म्हणून गेलेले त्यांचे चिरंजीव अमितकुमार नंतर मुलाखतीत बोलून गेले की सगळ्यांचं कौतुक करायचं असं आपल्याला आधीच सांगितलं होतं. त्यावर गदारोळ झाला. ‘सारेगम’च्या सुरुवातीच्या काळात परीक्षक बेसूर झालेल्या जागेवर बोट ठेवायचे आणि घरी बसलेल्यालाही कान तयार करायला मदत व्हायची. आता सगळेच ‘कमाल’ गातात. ज्यांनी हे कार्यक्रम बघणं सोडलं त्यांतले कित्येकजण गाण्यावरच्या प्रेमापोटी सोडून गेले आहेत, हे वाहिन्यांनी मनावर घ्यायला हवं.

मतदानाच्या ताकदीचं सर्वांत विलक्षण उदाहरण मराठी मुलखाबाहेरचं आहे. 2007 मध्ये ‘इंडियन आयडल’च्या तिसऱ्या पर्वात दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, कोलकाता पोलिसांत शिपाई, आणि शिलाँगचा अमित पॉल हे अंतिम फेरीत होते. दार्जिलिंगच्या डोंगरात लोकांनी वर्गणी काढून एसएमएस पाठवले. प्रशांत जिंकल्यावर एका रेडिओ निवेदकाने गोरख्यांबद्दल हिणकस विनोद केला आणि सिलिगुडीत दंगल पेटली. त्या गायनस्पर्धेभोवती जमलेली गर्दी पुढे वेगळ्या गोरखालँडच्या चळवळीकडे वळली. इतक्या टोकाला जाणारं आपल्याकडे काही घडलं नाही, पण ‘आपला माणूस’ हे सूत्र तेच आहे. ‘बिग बॉस मराठी’चा 2019 चा विजेता शिव ठाकरे याच्यासाठी अमरावतीने असाच जोर लावला होता. सूरजसाठी गावाकडच्या पोरांनी लावला. सूरजबद्दलची नाराजी ऐकताना मला दर्जाच्या गप्पांच्या आडून दुसरंच काही ऐकू आलं: आपल्या दिवाणखान्यात याला कुणी बोलावलं? टीव्हीचा रिमोट आणि मतदानाचं बटण दोन्ही आता गावातल्या मोबाइलवर आहेत, हे शहरातल्या अनेकांना अजून पचलेलं नाही. पण सूरजला नायक करून काढलेला ‘झापुक झुपूक’ हा केदार शिंदे यांचा चित्रपट 2025 मध्ये आला, तेव्हा चित्रपटगृहात गर्दी झाली नाही. मोबाइलवरचं मत आता फुकट असतं, तिकीट काढावं लागतं. कौतुक करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवायला हवं.

नावं ठेवत बघणारा प्रेक्षक हा या धंद्याचा सर्वांत भरवशाचं गिऱ्हाईक. 2007 च्या जानेवारीत ब्रिटनच्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये सहस्पर्धक जेड गुडी आणि तिच्या मैत्रिणींनी शिल्पा शेट्टीला वंशद्वेषी वागणूक दिली. ब्रिटनच्या प्रसारण नियामकाकडे सुमारे 44,500 तक्रारी गेल्या, प्रायोजकाने हात काढून घेतला, त्या वेळी भारतात आलेल्या ब्रिटिश मंत्री गॉर्डन ब्राउन यांना त्यावर खुलासे द्यावे लागले, पाटण्यात निर्मात्यांचे पुतळे जळले. आणि त्याच दिवसांत कार्यक्रमाचे प्रेक्षक वाढले. शिल्पा जिंकली. पुढच्याच वर्षी ती ‘बिग बॉस’ची सूत्रसंचालक होती आणि घरात स्पर्धक म्हणून जेड गुडी होती. तिथेच तिला कर्करोग झाल्याचं कळलं. 2009 च्या मार्चमध्ये ती गेली. आधी खलनायिका, मग पश्चात्तापदग्ध, मग आजारी: प्रत्येक भूमिकेला प्रेक्षक होते.

आपल्याकडे तीच यंत्रणा सौम्य रूपात चालते. ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वात एका स्पर्धकाने पंढरीनाथ कांबळे यांच्या अभिनयाची खिल्ली उडवली, तेव्हा मराठी कलाकार समाजमाध्यमांवर तुटून पडले आणि शनिवारी ‘भाऊचा धक्का’ या भागात सूत्रसंचालक रितेश देशमुखने तिला खडसावलं. अख्खा आठवडा लोकांचा राग तापवायचा आणि शनिवारी त्याचा निचरा करायचा, असं ते बसवलेलं असतं. ज्येष्ठांचा अपमान झाला म्हणून चिडलेला प्रेक्षक तो भाग चुकवत नाही. तिथे त्याचा राग रास्त ठरवला जातो, आणि त्याची त्याला तहान असते. राइस यांचं सूडाच्या समाधानाचं निरीक्षण मला या एका जागी तंतोतंत लागू पडताना दिसतं.

आता न आवडण्याच्या कारणांपैकी ज्याला मी सर्वांत वरचं स्थान देईन ते. अभिरुचीचा मुद्दा मला दुय्यम वाटतो. कुणाला कीर्तन आवडतं, कुणाला तमाशा; दोन्ही चालत आले आहेत. सरकारने अभिरुचीची काळजी वाहिली तेव्हा हसंच झालं. 2009 मध्ये ‘सच का सामना’वरून संसदेत आवाज उठला आणि दिल्ली उच्च न्यायालयात याचिका गेली, तेव्हा न्यायालयाने गांधीजींची आठवण काढून विचारलं, वाईट बघायचं नाही तर टीव्ही बंद का करत नाही? 2010 च्या नोव्हेंबरमध्ये माहिती-प्रसारण मंत्रालयाने ‘बिग बॉस’ आणि ‘राखी का इन्साफ’ रात्री अकरानंतर दाखवायचा आदेश काढला, आणि ‘बिग बॉस’ला मुंबई उच्च न्यायालयातून दिलासा मिळाला. बघणारा सज्ञान असेल तर रिमोट त्याच्या हातात आहे, हा युक्तिवाद मला मान्य आहे.

पण ज्याच्याकडे बघितलं जातं त्याच्या हातात रिमोट नसतो. जपानमध्ये ‘टेरेस हाउस’ नावाचा कार्यक्रम होता. एका घरात तरुण-तरुणी राहतात, सगळं मवाळ, सभ्य, म्हणून जगभर नावाजलेला. त्यात हाना किमुरा ही बावीस वर्षांची कुस्तीपटू होती. तिचा कुस्तीचा पोशाख घरातल्या एकाच्या चुकीने धुण्यात आटला, ती त्याच्यावर चिडली, आणि तो प्रसंग दाखवल्यावर इंटरनेटवर तिच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. 23 मे 2020 रोजी तिने जीवन संपवलं. पोशाख आटल्यावर कुणीही चिडेल. हजारो लोकांनी मात्र तिला ओळखत असल्यासारखा निकाल दिला. 2022 मध्ये जपानच्या संसदेने अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा एक वर्षाच्या कैदेपर्यंत वाढवली. चावडीवर बसलेल्यांना तिथे सांगितलं गेलं की शेरा मारणाऱ्यालाही जबाबदारी असते.

मोठ्या माणसाने करारावर सही केलेली असते, पैसे घेतलेले असतात, निदान काय होऊ शकतं याची कल्पना असते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने यातलं काहीच केलेलं नसतं. 2019 च्या जूनमध्ये मंत्रालयाने वाहिन्यांना सूचना दिली की नृत्याच्या कार्यक्रमांत मुलांना प्रौढांच्या चित्रपटांतल्या उत्तान हालचाली करायला लावू नका. ही सूचना द्यावी लागली यातच सगळं आलं. त्याआधी बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांत बाल कलाकारांसाठी स्पष्ट तरतुदी आल्या आहेत: जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, आणि मिळकतीतला किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत मुदत ठेव. नियम चांगले आहेत. पण बाद झालेलं मूल रडतं त्या क्षणी कॅमेरा चेहऱ्यावर आणखी जवळ न्यायचा की बाजूला वळवायचा, हे कोणत्याही नियमात नाही, आणि तो जवळच नेला जातो, कारण तिथे आपण चॅनल बदलत नाही.

म्हणून मागणी एवढीच. ज्या भागात मुलं आहेत त्याच्या शेवटी वाहिनीने त्या दिवशी चित्रीकरण किती तास चाललं आणि मुलांच्या ठेवीचा नियम पाळला की नाही, हे दोन ओळींत पडद्यावर दाखवावं. प्रायोजकांची नावं दाखवायला जागा असते, तर याला असायला हरकत नाही. आणि आपल्यापैकी जे घरातल्या मुलाला पुढच्या ऑडिशनच्या रांगेत उभं करणार आहेत त्यांनी अर्ज भरण्याआधी वाहिनीला हेच दोन प्रश्न लेखी विचारावेत.